रायडिंग मोअरचा झिजलेला ट्रान्सअ‍ॅक्सल बदलताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

बसून चालवायच्या छोट्या गवत-मशीनचा ट्रान्सअ‍ॅक्सल (वेग बदलणारी यंत्रणा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच घरात असलेले युनिट) बदलणे हे काही फार मोठे काम नाही. पण क्रम चुकला की तेच काम दोनदा करावे लागते. बहुतेकांची गडबड तीन ठिकाणी होते. दोष बेल्टमध्ये किंवा चाकाच्या कीमध्ये (चाक आणि अ‍ॅक्सल एकत्र फिरवणारा लोखंडी तुकडा) असतो आणि धडधाकट ट्रान्सअ‍ॅक्सल बाहेर काढला जातो. नवे युनिट दिसायला तसेच असते, पण त्याचा कंट्रोल आर्म (वेगाचा दांडा जिथे जोडतो तो) नको त्या बाजूला निघतो. आणि हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चालणारे) युनिट बसवल्यावर आतली हवा न काढताच मशीन गवतात घातले जाते. तिसरी चूक सर्वांत महागात पडते, कारण तिच्यात नवे युनिट खराब होते.

आपल्या मशीनमध्ये कोणता प्रकार आहे ते आधी ओळखा. वेग बदलताना क्लच दाबून लिव्हर १, २, ३ अशा खाचांत टाकावा लागत असेल, तर तो गिअरचा ट्रान्सअ‍ॅक्सल. पॅडल किंवा लिव्हर जितका सरकवाल तितका वेग वाढत असेल आणि मशीन ढकलण्यासाठी मागे बायपासचा (चाके मोकळी करणारा) दांडा दिलेला असेल, तर तो हायड्रोस्टॅटिक. काढण्या-बसवण्याची पद्धत दोन्हींची जवळजवळ सारखीच आहे. फरक पडतो तो ऑइल, बायपास आणि हवा काढणे या बाबतीत.

## १. दोष खरंच ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये आहे का?

नवे युनिट मागवण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सोपी आणि स्वस्त शक्यता आधी तपासायची.

बायपास. दांडा अर्धवट बाहेर राहिला किंवा त्याची तार ताणलेली असली, तर हायड्रोस्टॅटिक मशीन जागचे हलत नाही, नाहीतर जोर न लावता रडतखडत चालते. दांड्याच्या मुठीकडे बघून निष्कर्ष काढू नका. खाली वाकून ट्रान्सअ‍ॅक्सलवरचा छोटा लिव्हर पूर्ण मागे येतो का ते पाहा.

बेल्ट. बेल्टच्या दोन्ही तिरक्या कडा बोटाने चाचपा. कड काचेसारखी गुळगुळीत आणि चकचकीत लागली, तर बेल्ट घसरतो आहे. बेल्ट पुलीच्या खाचेत तळाला टेकत असेल, तरी त्याचे आयुष्य संपले समजा. सोबत आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या) पुल्या हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली, तर बेअरिंग गेले आहे. टेन्शनची स्प्रिंग जागेवर आहे ना, आयडलरचा आर्म गंजून अडकला तर नाही ना, हेही बघून घ्या.

इनपुट पुली. पुलीवर आणि शाफ्टच्या टोकावर मिळून खडूची एकच रेघ ओढा. मशीन चालवून बंद करा आणि रेघ पाहा. रेघ तुटून दोन्ही खुणा वेगळ्या झाल्या असतील, तर पुलीचे स्प्लाइन (शाफ्टला पकडणारे दात) गेले आहेत.

चाकाची की. ही तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. चाकाची टोपी काढा. अ‍ॅक्सलच्या टोकापासून हबपर्यंत (चाकाचा मधला भाग) खडूची सरळ रेघ ओढा आणि मशीन हलक्या चढावर चालवून पाहा. अ‍ॅक्सल फिरला आणि चाक मागे राहिले, म्हणजे रेघेचे दोन तुकडे झाले, तर की कापली गेली आहे. यांत डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असते, त्यामुळे एका बाजूची की गेली की सगळी ताकद त्याच बाजूला वाया जाते आणि दोन्ही चाके मेल्यासारखी वाटतात. चार-पाच सेंटिमीटरच्या लोखंडी तुकड्यासाठी पूर्ण ट्रान्सअ‍ॅक्सल बदलला जातो तो इथेच.

ब्रेक. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत असतील, तर मशीनचा जोर कमी वाटतो आणि ब्रेकची बाजू तापते.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच ट्रान्सअ‍ॅक्सलवर संशय घ्या. हायड्रोस्टॅटिक युनिट झिजल्याची खूण ठरलेली असते: थंड असताना मशीन नीट चालते, काम करता करता तापले की चढावर दम सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू लागते. आतल्या पंप आणि मोटरच्या भागांत फटी वाढलेल्या असतात. गरम होऊन पातळ झालेले ऑइल त्या फटींतून निसटते आणि दाब तयार होत नाही. गिअरच्या युनिटमध्ये लक्षणे वेगळी: गिअर आपोआप निसटणे, दात घासल्याचा करकर आवाज, किंवा चाक धरून वर-खाली हलवले की अ‍ॅक्सल डुगडुगणे.

थांबून पाहा: हायड्रोस्टॅटिक युनिटचा पंखा तुटला असेल किंवा वरच्या फिन (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) गवताच्या थराने बुजल्या असतील, तर आधी त्या साफ करा, पंखा बदला आणि मग पुन्हा चालवून बघा. नुसत्या उष्णतेनेही हीच लक्षणे दिसतात.

## २. जुळणारे युनिट मिळवणे

ट्रान्सअ‍ॅक्सलला स्वतःचा वेगळा नंबर असतो. तो घराच्या मागच्या किंवा वरच्या बाजूला, स्टिकरवर किंवा पत्र्याच्या पट्टीवर सापडतो. मशीनच्या सीटखालचा मॉडेल नंबर आणि हा नंबर, दोन्ही टिपून घ्या. नुसते ‘के४६ हवा’ म्हणून भागत नाही. टफ टॉर्क कंपनीच्या के४६ या मॉडेलचेच कितीतरी उपप्रकार आहेत आणि त्यांत कंट्रोल आर्मची बाजू, ब्रेक लिव्हरची बाजू, बायपासची रचना असे फरक असतात. चुकीच्या बाजूचा आर्म आला, तर पुढचे पॅडल दाबल्यावर मशीन मागे जाऊ शकते.

नवे युनिट आले की जुने काढण्याआधी दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून या गोष्टी जुळवा:

- अ‍ॅक्सलची जाडी आणि दोन्ही बाजूंची लांबी. छोट्या मशीनमध्ये बहुधा ३/४ इंच, म्हणजे सुमारे १९ मिमी जाडीचा अ‍ॅक्सल आणि ३/१६ इंचाची चौकोनी की असते.
- बोल्टच्या भोकांमधले अंतर
- इनपुट शाफ्टची उंची आणि स्प्लाइन
- ब्रेक, कंट्रोल आणि बायपास यांच्या आर्मची बाजू आणि दिशा
- युनिट ऑइल भरून आले आहे की कोरडे

पुली, पंखा आणि काही आर्म नव्या युनिटसोबत येतच नाहीत. ते जुन्यावरून काढून लावायचे असतात, म्हणून जुने युनिट काम संपेपर्यंत टाकून देऊ नका.

ऑइलच्या बाबतीत अंदाज चालत नाही. हायड्रो-गिअर कंपनीच्या छोट्या युनिटना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागते, तर दुसऱ्या युनिटला दुसरी ग्रेड असू शकते. युनिटसोबतच्या कागदावर लिहिलेलीच ग्रेड घाला. गिअरच्या पुष्कळ छोट्या ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये ऑइल नसतेच, कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. त्यांत ऑइल ओतले तर ते सीलमधून गळत राहते.

## ३. हाताशी काय ठेवायचे

जॅक, वजन पेलणारे दोन स्टँड, पुढच्या चाकांना उट्या, इंच आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांचे पाने व सॉकेट, सर्क्लिपचा पक्कड, तीन पायांचा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे ऑइल, अँटी-सीझ (गंजून अडकू न देणारे) ग्रीस. नव्या वस्तूंमध्ये दोन चौकोनी की, दोन ई-क्लिप, स्प्लिट पिन आणि बेल्ट. बेल्ट बरा दिसला तरी नवाच टाका, असे आमचे मत आहे. तो बदलायला पुन्हा एवढेच सगळे उघडावे लागते.

एक गोष्ट आदल्या दिवशी करा: दोन्ही चाकांच्या टोप्या काढून अ‍ॅक्सल आणि हब यांच्या सांध्यात, आतून आणि बाहेरून, गंज सोडवणारे ऑइल मारून ठेवा. या कामात तासन्‌तास खाणारी वस्तू एकच, ती म्हणजे गंजून बसलेला हब.

## ४. मशीन उभे करणे

मशीन सपाट, कडक जमिनीवर घ्या. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर सोडा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी, पॉझिटिव्ह नंतर काढा. पेट्रोलची टाकी मागे, सीटखाली असेल तर ती रिकामी करा.

गवत कापायचा डेक काढून बाजूला ठेवा. डेक न काढताही काम होते, पण बेल्टच्या वाटेपर्यंत हात पोचत नाही आणि बेल्ट चुकीच्या वाटेने बसवला जातो.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावा. मागची बाजू फ्रेमखाली जॅक लावून उचला आणि स्टँड फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, ट्रान्सअ‍ॅक्सलच्या पुढे लावा. मागची चाके जमिनीपासून १०-१२ सेंमी वर असली की पुरे.

सावधान: जॅक ट्रान्सअ‍ॅक्सलखाली लावून मशीन उचलू नका. जो भाग सोडवायचा त्यालाच टेकू दिला, तर शेवटचा बोल्ट निघताच सगळे खाली येते. नुसत्या जॅकवर तोललेल्या मशीनखाली हातसुद्धा घालायचा नाही.

तपासा: फ्रेम धरून जोरात हलवा. स्टँड सरकले तर पुन्हा लावा.

## ५. आधी फोटो, मग बेल्ट

बेल्टची पूर्ण वाट दिसेल असे तीन-चार फोटो काढा: इंजिनची पुली, प्रत्येक आयडलर, बेल्ट अडवणाऱ्या पिना आणि मागची पुली. बेल्टची कोणती बाजू कोणत्या पुलीला टेकते तेही दिसले पाहिजे. निमुळती बाजू खाचेच्या पुलीत आणि सपाट पाठ सपाट आयडलरवर, असा नियम आहे.

पुष्कळ मशीनमध्ये क्लच-ब्रेकचे पॅडल दाबून पार्किंग लॉक लावले की बेल्टवरचा ताण सुटतो. तसे करून बेल्ट मागच्या पुलीवरून वर काढा. हायड्रोस्टॅटिकच्या पुलीवर पंखा असतो. बेल्ट एकदम ओढला तर पाती मोडतात. पुली हाताने हळूहळू फिरवत, एकेका पात्याला किंचित वाकवून बेल्ट त्याखालून सोडवा.

बेल्ट निघाला की पॅडल लगेच मोकळे करा. नाहीतर ब्रेकच्या दांड्यावर स्प्रिंगचा ताण राहतो, आणि पुढे स्प्लिट पिन काढताना दांडा उसळून बोटावर बसतो.

बेल्ट नवा टाकायचा असेल तर इंजिनच्या पुलीवरूनही काढावा लागेल. तिथे इलेक्ट्रिक क्लच असल्यास त्याची वायर सोडून, क्लचला फिरू न देणारा ब्रॅकेट मोकळा करा.

## ६. चाके

चाके ट्रान्सअ‍ॅक्सल मशीनवर असतानाच काढा. खाली उतरवल्यावर युनिट धरून ठेवायला काहीच नसते आणि पुलर लावताना ते जागचे फिरत राहते.

ई-क्लिप काढा. मग वायसर जसे निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. आतल्या आणि बाहेरच्या वायसरची जाडी वेगळी असते आणि ते उलटे बसले की चाक फ्रेमकडे सरकते. चाक सरळ बाहेर ओढा आणि की खाली पडण्याआधी हातात घ्या.

हब अडकला असेल तर पुन्हा ऑइल मारा, थांबा, आणि पुलरचे पाय हबमागे अडकवून ताण द्या. पाय रिमच्या कडेला अडकवले तर रिम वाकते. ताण दिल्यावर हबच्या बाजूला हलके ठोके द्या.

सावधान: अ‍ॅक्सलच्या टोकावर हातोडा मारू नका. धक्का थेट आत डिफरन्शियलवर जातो. जुने युनिट टाकूनच द्यायचे असले तरी टोक फुलते, मग हब आणखी अडकतो. गॅसच्या ज्योतीने हब तापवू नका. हवा भरलेला टायर जवळ आहे आणि पेट्रोलची वाफही असू शकते.

चाक निघाल्यावर हबच्या आतली कीची खाच अंगठ्याने चाचपा. कड सरळ लागली पाहिजे. खाच रुंदावलेली किंवा गोलसर झाली असेल तर रिमही बदला, नाहीतर नवी की थोड्याच दिवसांत कापली जाईल.

## ७. दांडे, तारा आणि वायर

ब्रेकचा दांडा, वेगाचा दांडा आणि बायपासची तार, या क्रमाने सोडवा. वेगाच्या दांड्याच्या टोकाला आटे असतात आणि त्यावरच न्यूट्रल ठरते. दांडा सोडण्याआधी बाहेर दिसणारे आटे मोजा किंवा रंगाने खूण करा. आर्मवर लांब खाच असेल तर बोल्ट खाचेत कुठे होता तिथे खूण करा. या एका मिनिटाच्या कामाने शेवटची जुळवाजुळव सोपी होते.

न्यूट्रल किंवा रिव्हर्सच्या स्विचची वायर असेल तर क्लिप दाबून काढा. वायर धरून ओढू नका.

## ८. युनिट उतरवणे

छोटे युनिट साधारण १५ किलोच्या आसपास असते. वजन फार नाही, पण आकार बेंगरूळ आहे, त्यामुळे एकट्याने झेलायला जाऊ नका. जॅकवर लाकडी फळी ठेवून ती युनिटच्या पोटाला टेकवा. आधी पुढचा आधार-ब्रॅकेट सोडा, मग अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांकडचे बोल्ट. शेवटचा बोल्ट काढताना एका हाताने पुलीकडची बाजू धरा, कारण तिकडचे वजन युनिटला कलंडवते. जॅक हळूहळू खाली घ्या.

युनिट उघडे पडले की फ्रेमवरची बसण्याची जागा ब्रशने साफ करा आणि भोकांभोवती तडे आहेत का ते पाहा. तडकलेल्या फ्रेमवर युनिट तिरके बसते आणि बेल्ट सारखा उतरतो.

## ९. जुने भाग नव्यावर

पुली काढताना तिला पंख्याच्या पात्यांनी धरू नका. जुना बेल्ट पुलीभोवती गुंडाळून आवळून धरा आणि नट सोडा. सर्क्लिप असेल तर पक्कडीने काढा. पुली अडली तर पुलर वापरा. स्क्रू-ड्रायव्हर खाली घालून उचकटली की अ‍ॅल्युमिनियमचे घर फुटते किंवा इनपुट सीलला चर पडतो.

नव्यावर पुली त्याच बाजूने बसवा. काही पुल्यांचा हब एका बाजूला जास्त बाहेर असतो, ती उलटी बसली तर बेल्ट १०-१५ मिमी वर-खाली जातो.

तपासा: व्हेंटवर (युनिटच्या हवेच्या भोकावर) प्रवासासाठी टोपी लावलेली असेल तर ती कागदात सांगितल्याप्रमाणे काढा. युनिट कोरडे आले असेल तर आत्ताच ऑइल भरा. मशीनमध्ये बसल्यावर भरायच्या जागेवर फेंडर येतो.

## १०. बसवणे

युनिट जॅकने वर घ्या. सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे फिरवून ठेवा, एकही आवळू नका. सगळे लागले की समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. एकच बोल्ट आधी पक्का केला तर बाकीची भोके जुळत नाहीत, मग माणूस जोर लावतो आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात. किती ताकदीने आवळायचे तो आकडा मशीनच्या पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पाना वापरा.

बेल्ट फोटो पाहून बसवा. तो प्रत्येक अडवणाऱ्या पिनेच्या आतून गेला पाहिजे. पुली हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बेल्ट कुठे पिळलेला नाही ना ते पाहा.

अ‍ॅक्सल ब्रशने घासून चमकवा, अँटी-सीझचा पातळ थर द्या. की, वायसर, चाक, वायसर, ई-क्लिप. क्लिप खाचेत बसल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा, आणि ती बोटाने फिरवता आली पाहिजे.

दांडे खुणेवर जोडा. प्रत्येक ठिकाणी नवी स्प्लिट पिन. वायर आणि स्विच पूर्ववत जोडा. सीट किंवा ब्रेकच्या स्विचच्या वायरी ‘तात्पुरत्या’ एकमेकींना जोडून, स्विच टाळून इंजिन सुरू करू नका. पुढच्या टप्प्यात मशीन अचानक सुटले तर तोच स्विच इंजिन बंद करतो.

मशीन जमिनीवर घ्या, बॅटरी जोडा (आता पॉझिटिव्ह आधी), स्पार्क प्लगची वायर लावा. बायपास उघडून पार्किंग ब्रेक लावा आणि मशीन हाताने ढकला. मागची चाके न फिरता फरपटली पाहिजेत. फिरली, तर इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक जुळवा.

## ११. हवा काढणे (फक्त हायड्रोस्टॅटिक)

हा टप्पा गाळू नका. हवेचे बुडबुडे पंपात गेले की तिथे ऑइलचा थर राहत नाही आणि धातू धातूला घासतो. नवे युनिट झिजायला तेवढे पुरते. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर ती वापरा. सर्वसाधारण क्रम असा:

१. सपाट मोकळी जागा, पार्किंग ब्रेक लावलेला, बायपास उघडा.
२. सीटवर बसून इंजिन सुरू करा, अ‍ॅक्सिलरेटर कमी ठेवा, ब्रेक सोडा.
३. पुढचे पॅडल पूर्ण दाबून ५ सेकंद धरा, सोडा. मग मागचे ५ सेकंद. असे तीन वेळा. बायपास उघडा असल्याने चाके हलणार नाहीत. हलली, तर बायपासची तार नीट जुळलेली नाही.
४. इंजिन बंद, ब्रेक लावा, बायपास बंद करा.
५. पुन्हा सुरू करून अ‍ॅक्सिलरेटर अर्धा ठेवा. साधारण ५ फूट पुढे, ५ फूट मागे, असे तीन वेळा.

ऑइल पाहण्याची सोय असेल तर इंजिन बंद करून पातळी बघा आणि कमी असल्यास भरा. ऑइल दुधाळ किंवा फेसाळ दिसले, किंवा चालताना घुंई असा आवाज आणि हिसके येत असतील, तर हवा अजून आत आहे. फेस बसू द्या आणि सगळा क्रम पुन्हा करा.

## १२. न्यूट्रल आणि पहिला वापर

ब्रेक सोडून, पॅडलला पाय न लावता इंजिन सुरू ठेवा. मशीन आपणहून पुढे किंवा मागे सरकू लागले तर वेगाच्या दांड्याची लांबी इंजिन बंद करून एका वेळी अर्ध्या फेऱ्याने बदला आणि पुन्हा पाहा. पुढे जाणारे मशीन एकदम दोन-तीन फेरे फिरवल्याने मागे सरकू लागते, मग मूळ जागा सापडत नाही.

डेक लावण्याआधी सपाटीवर दहा मिनिटे चालवा. नंतर खाली वाकून चार गोष्टी बघा: सीलपाशी ओल, बेल्टची वाट, स्प्लिट पिना, चाकांच्या क्लिप. सीलपाशी नुसती ओल असेल तर पुसून पुन्हा बघा, कारण बसवताना सांडलेले ऑइलही तिथेच जमते. थेंब पुन्हा आला तर युनिट परत द्या, सील उघडत बसू नका.

पहिले दोन तास चढावर किंवा मागे ट्रॉली लावून चालवू नका. दोन तासांनी बसवणुकीचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि बेल्ट ताणला गेल्याने पॅडलचा खेळ वाढला असेल तर जुळवा. बंद मशीन ओढून न्यायचे झाले तर बायपास उघडा आणि माणूस चालतो त्या वेगाने न्या. दर वेळी गवत कापून झाले आणि मशीन थंड झाले की ट्रान्सअ‍ॅक्सलच्या पंख्यावरचा आणि फिनमधला गवताचा थर ब्रशने काढा. तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, इनपुट सील तिथेच आहे.